एका ठशाच्या पुतळ्या

पुतळीवर कोण आहे, असं पुतळ्यांची माळ घालणाऱ्या बायकांना विचारून बघा. बहुतेक जणी राम-सीता सांगतील, एखादी लक्ष्मी म्हणेल. लक्ष्मी म्हणणारीचंही चुकत नाही, कारण आता सराफाकडच्या नव्या पुतळ्यांवर पुष्कळदा लक्ष्मीच असते. पण पणजीच्या डब्यातली जुनी पुतळी भिंगाखाली धरली तर डावीकडे उभा दिसतो तो राम नव्हे. तो संत मार्क, व्हेनिस शहराचा पाठीराखा. त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलाय तो व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख, आणि दोघांच्या मधे निशाणाची काठी. मागच्या बाजूला लंबगोलात, चांदण्यांच्या मधोमध, आशीर्वादाचा हात उचललेला येशू ख्रिस्त. आमच्या घरातल्या सगळ्या मंगळागौरी या तिघांच्या साक्षीनं जागवल्या गेल्या आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

व्हेनिसनं हे सोन्याचं नाणं, डुकाट, १२८४ साली पाडायला घेतलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. १७९७ साली नेपोलियननं ते प्रजासत्ताक मोडीत काढलं, तोवर पाचशे वर्षांहून अधिक काळ त्यावरचं चित्र तेच राहिलं. डोज बदलला की त्याचं नाव बदलायचं, बाकी रेघन् रेघ तशीच ठेवायची. यात कल्पनेचं दारिद्र्य नव्हतं, व्यापाऱ्याचं शहाणपण होतं. परमुलखात नाणं वाचून कुणी घेत नाही, ओळखीचं दिसलं तर घेतात. मिरीच्या, मसाल्याच्या आणि कापडाच्या बदल्यात हे ओळखीचं सोनं इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनं आपल्या किनाऱ्याला लागत राहिलं. इथल्या बायकांनी त्याला कड्या लावून गळ्यात घातलं. दक्षिणेत त्याच चित्रात लोकांना ताडाशी उभा असलेला ताडी काढणारा दिसला, आपल्याकडे वनवासातली जोडी दिसली. पुढे व्हेनिसहून येणाऱ्या नाण्यांवर मागणी भागेना, तेव्हा इथल्या सोनारांनी स्वतःच ठसे कोरून पुतळ्या पाडायला सुरुवात केली. माझा जीव अडकलाय तो या देशी पुतळ्यांत. अस्सल डुकाटांवर अभ्यास करणारे जगभर पडलेत, त्यांची काळजी मी कशाला करू!

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. सुरुवातीची वर्षं तर खिळ्यांच्या छापखान्यात. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे गॅलीतला सगळा मजकूर आरशात पाहिल्यासारखा दिसतो. काही काळानं डोळे तसंच वाचायला शिकतात. एखाद्या ‘ळ’चं पोट फुटलेलं असलं की तो एकच खिळा पानोपानी ओळखू यायचा. परवा चौथ्या फर्म्यात होता तोच आज अकराव्यात येऊन बसलाय, हे मी जुळाऱ्याला न विचारता सांगायची. धड असलेले बाकीचे ‘ळ’ मात्र सगळे सारखे, त्यांच्यातला कुठला कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पुतळ्यांकडे मी वळले ती हीच सवय घेऊन.

आईच्या वाट्याच्या पुतळ्यांतल्या दोन मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. खोलीतला दिवा मालवला आणि टेबललॅम्प अगदी आडवा, पुतळीच्या कडेवरून प्रकाश घसरत जाईल असा लावला. समोरून उजेड पडला तर सोनं नुसतं चकाकतं, काही सांगत नाही. आडव्या उजेडात मात्र प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते. काठीच्या कडेनं वरपासून खाली तीन रोमन अक्षरं असायला हवीत, डी, व्ही आणि एक्स. डोजच्या पदवीची ती अक्षरं. इथे डीचं शून्य झालंय, व्हीच्या दोन्ही काड्या खाली भेटायच्या आधीच थांबल्यात, एक्सचा एक हात गळालाय. दोन्ही पुतळ्यांवर हे असंच. म्हणजे दोन्ही एकाच ठशाच्या? एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. एका सोनारानं दुसऱ्याची पुतळी समोर ठेवून नवा ठसा कोरला, तर डीचं शून्य तो इमानेइतबारे शून्यच कोरणार.

मग भिंग संताच्या कोपरापाशी नेलं. तिथून काठीकडे जाणारी केसाएवढी रेघ होती. जरा वाकडी, मधेच नाहीशी होऊन पुन्हा उगवणारी. दोन्ही पुतळ्यांवर त्याच जागी, त्याच वळणानं. आणि ती रेघ खोदलेली नव्हती, उठलेली होती. या धंद्यातली सगळी मेख या ‘उठलेली’मध्ये आहे. ठशात जे खोल असतं ते सोन्यावर वर येतं. म्हणून ठशाला तडा गेला की त्या तड्यात सोनं शिरतं आणि पुतळीवर उंच रेघ उमटते. पुतळी पाडून झाल्यावर तिला कशाचा ओरखडा लागला तर तो आत जाणार, खोल दिसणार. उंच रेघ ठशाची आणि खोल रेघ त्या पुतळीच्या स्वतःच्या नशिबाची. नखानंही फरक कळतो, पण सोन्यावर नख लावू नये, मऊ असतं.

या तड्याची नक्कल कुणीही हेतूनं करणार नाही. म्हणून तोच पुरावा. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला ही गोष्ट अजूनही नवल वाटण्याजोगी वाटते, की नातं ठरवताना बरोबर असलेलं काहीच कामाला येत नाही. संत डावीकडे, डोज गुडघ्यावर, ख्रिस्त लंबगोलात, हे सगळ्या पुतळ्यांवर असतं, म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. कोरणाऱ्याच्या हाताची चूक निदान घराणं सांगते. ठशाचा अपघात थेट जन्मदाता ठसाच दाखवतो.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला यावरून भांडारकर संस्था आठवली नाही तरच नवल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ साली सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ साली ते पुरं झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. पोथ्यांची कुळं ठरवतानाही शास्त्र हेच. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा आला तर त्यात विशेष नाही, दोघींनीही तो वेगवेगळ्या वाटेनं जपलेला असू शकतो. पण तोच अडाणी पाठ, तोच घुसडलेला श्लोक, तीच गळलेली ओळ दोघींत असली तर त्या एका आईच्या. पोथीत निदान लिहिणाऱ्याला लिपी येत असायची. पुतळीच्या सोनाराला समोर दिसतेय ती लिपी आहे एवढंच ठाऊक होतं.

आणि तरी त्यानं ती टाकली नाही! मूळ डुकाटाच्या मागच्या बाजूला, हे राज्य ख्रिस्ताला अर्पण असो, अशा अर्थाची लॅटिन ओळ संक्षेपानं कोरलेली असते. आमच्या पुतळ्यांवर तिच्या जागी उभ्या काड्या, टिंबं, मधेच एखादा अर्धचंद्र. पण काड्या नेमक्या काठाशी, गोलाकार, अक्षरांच्या उंचीच्या. वाचता येत नसलेली ओळ गाळणं त्याला सोपं होतं, वेळ वाचला असता. त्यानं ती गाळली नाही, कारण गिऱ्हाइकाला पुतळी ‘पुतळीसारखी’ हवी होती.

उलट्या वाचनाची सवय मला इथे खरी उपयोगी पडली. ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा कुठे पुतळीवर सुलटा उमटतो. लिपी येणारा कोरक्या हे भान ठेवतो. लिपी न येणारा समोरची पुतळी बघून जसंच्या तसं ठशावर उतरवतो आणि मग पाडलेल्या पुतळीवर अक्षर आरशातलं होतं. पुढच्या सोनारानं ही उलटी पुतळी घेऊन तशीच नक्कल केली की अक्षर पुन्हा सुलटं! आमच्याकडच्या एका पुतळीवर एसच्या वळणाचं चिन्ह आरशातलं आहे आणि त्याच्या शेजारचा बिनहाताचा एक्स, ज्याला डावं-उजवं फारसं नसतंच, तो मात्र गळालेल्या हाताची बाजू बदलून बसलाय. म्हणजे या ठशाच्या पाठीशी निदान एक तरी नक्कल आणखी होती. चित्रातली माणसं मात्र फिरलेली नाहीत, संत डावीकडेच आहे. मला वाटतं, माणसं उलटी झाली तर गिऱ्हाइकाच्या लगेच ध्यानात येईल हे सोनाराला कळत होतं. अक्षरांचं ध्यान कुणाला?

हा आपल्या मातीतला जुनाच उद्योग. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचे ठसे पुन्हा मारले होते. नहपानाच्या नाण्यावर चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, आणि ती बिघडलेली आहेत. त्याच्यानंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ती नुसती नक्षी होऊन गेली. चेहरेसुद्धा ठशागणिक इतके निराळे, की नाक, हनुवटी, वय, काही जुळत नाही. दीड-दोन हजार वर्षांनी त्याच मुलखातला सोनार लॅटिनचं तेच करत होता.

आता तड्याकडे परत. तडा वाढत जातो. प्रत्येक घावासरशी ठसा थोडा आणखी फाटतो, म्हणून आखूड रेघेची पुतळी आधीची आणि लांब रेघेची नंतरची. आईकडच्या दोन्हींवर रेघ काठीपर्यंत पोचून थांबलेली. दिवाळीत मावशीच्या घरी तिच्या वाट्याची माळ मागून घेतली. जेवणं झाल्यावर मावशी पान जमवत बसली होती आणि मी खिडकीपाशी. तिच्या एका पुतळीवर रेघ काठी ओलांडून थेट डोजच्या टोपीत घुसलेली होती. दुसरीवर ती नव्हतीच. कोपर स्वच्छ. पण डीचं शून्य, थांबलेल्या काड्या, काठावरच्या टिंबांची जागा, सगळं जुळत होतं. एक टिंब काठाच्या फारच जवळ गेलेलं आहे, तेही तिथेच. म्हणजे ठसा तोच, तडा जायच्या आधीचा.

“मावशी, या पुतळ्या एकदम केलेल्या नाहीत हं,” मी म्हटलं.

“अगं, पणजीच्या लग्नात एकदम केल्या सगळ्या. माझी आई सांगायची.”

“ही या रेघेच्या आधीची आहे आणि ही पुष्कळ नंतरची.”

“मग सोनारानं सकाळी एक केली असेल आणि संध्याकाळी एक,” मावशी म्हणाली आणि पान माझ्यापुढे केलं.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि नाही. ठसा पाडण्याचा क्रम सांगतो. मधे किती दिवस गेले, किती वर्षं गेली, हे तो सांगत नाही. सोनारानं महिनाभर पाडून खणात टाकलेल्या पुतळ्यांतून मूठभर उचलून पणजीच्या वडलांपुढे तोलल्या असतील, तर मावशीचं आणि माझं दोघींचंही खरं. मात्र तिच्या माळेत आणखी एक पुतळी होती, जिच्यावर ख्रिस्ताभोवतीच्या चांदण्या मोजून कमी भरल्या आणि संताच्या झग्याच्या चुण्या सगळ्या एकाच बाजूला ओढलेल्या. ती दुसऱ्याच हातची. ती नंतर कुणीतरी हरवलेल्या पुतळीच्या जागी पटवेकऱ्याकडून गाठवून घेतली असावी. मावशीला ते पटलं नाही, पण तिनं ती माळ डब्यात ठेवताना त्या पुतळीकडे दोनदा पाहिलं, हे मी पाहिलं.

कुणी म्हणेल, डोजचं नाव वाचा आणि काळ ठरवा. देशी पुतळ्यांवर जी नावं थोडीफार लागतात त्यांत आल्विझे मोचेनिगो हे एक वारंवार भेटतं. या नावाचे डोज चार झाले, पहिला सोळाव्या शतकात आणि शेवटचा १७६३ ते १७७८. शिवाय आपल्या सोनाराला नावाशी देणंघेणं नसल्यामुळे डोज मेला, व्हेनिस बुडालं, तरी पुतळीवर तो गुडघे टेकून बसलेलाच. नाव हे चित्राचा भाग झालं होतं. लिहिलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा एरवी मुद्रितशोधकाचाच धर्म, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटलं नाही.

लिहिलेल्यावर भरवसा ठेवणाऱ्यांचं काय होतं, ते बघायचं असेल तर रामदरबाराची टोकनं बघावीत. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि आण्याचा उल्लेख, दुसऱ्या बाजूला राम-सीता नाहीतर हनुमान. घरोघरीच्या देवघरात एखादं तरी सापडतं. मराठी माणसाला १८१८ म्हटलं की पेशवाई बुडाल्याचं साल आठवतं. त्याच साली कंपनी सरकार हनुमानाचा आणा पाडत बसलं होतं, हे ज्याला खरं वाटेल त्याला काहीही विकता येईल. आणि विकतातही. हे नाणं तांदूळ ओढतं, परदेशात कोटीत जातं, अशा थापांनी लोकांना गंडवल्याच्या बातम्या येत असतात. मद्रासकडच्या सोन्याच्या होनांवर कंपनीनं देव ठेवले होते, हे खरं. तांब्याचं असलं नाणं तिनं कधी पाडलं नाही. ही टोकनं पूजेसाठी, हौसेसाठी पुष्कळ नंतर बनली. माझा त्यांच्यावर राग नाही. उलट त्यांचे ठसे भरपूर आणि ठशाठशांत मजा आहे, हनुमानाच्या शेपटीचं वळण कुठे संपतं एवढ्यावर अर्धी विभागणी होते. देवघरात चिंच-मीठ लावून घासघासून देवांचे चेहरे सपाट झालेले असतात, कारण झीज उंच भागाला आधी लागते, म्हणून सिंहासनाचे पाय आणि काठाजवळची टिंबं यांवरच काम भागवावं लागतं.

शेजारचा मुलगा असं एक घेऊन आला होता. “काकू, यूट्यूबवर सेम असंच होतं. बघा ना जरा.”

मी बघितलं. मग त्याच्याच मोबाईलवरचा तो फोटो मोठा करून बघितला. रामाच्या धनुष्याखाली एक तिरका ओरखडा, आत गेलेला. फोटोतल्या नाण्यावरही तिथेच, तेवढाच, तसाच. पुतळ्यांच्या बाबतीत जे नात्याचा पुरावा असतं ते इथे बरोब्बर उलटं पडतं. उंच रेघ दोन नगांवर सारखी असली तर ठसा एक. खोल ओरखडा दोन नगांवर सारखा असला, तर जवळजवळ नेहमी दोन्ही ओतीव, एकाच मूळ नगावरून साचा घेऊन ओतलेले. एका नगाच्या नशिबातला अपघात दुसऱ्याच्या नशिबी हुबेहूब येत नाही. हे त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि तरीही विचारलं, “पण कोटी नाही तर लाख तरी?”

पुतळ्यांवर मन लावून काम करणारी जी थोडी माणसं मला पुस्तकांतून भेटली, त्यांत हर्बर्ट आईव्ज मला फार आवडतो. व्हेनिसचं डुकाट आणि त्याच्या नकला यांवरचं त्याचं पुस्तक अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीनं १९५४ साली काढलं, त्याच्या मृत्यूनंतर, फिलिप ग्रिअर्सनच्या संपादनाखाली. पेशानं हा पदार्थवैज्ञानिक. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२७ साली दूरचित्रवाणीचं प्रात्यक्षिक करून दाखवणारा, आणि १९३८ साली धावत्या अणूंच्या प्रकाशात कालविस्ताराचा पुरावा शोधणारा हाच. प्रकाशाच्या तरंगातली तसूभर तफावत मोजणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन डुकाटांवरच्या अक्षरांची वळणं तपासत असेल, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

ठसे मात्र कुठे बघायला मिळत नाहीत. सराफ कट्ट्यावरच्या एका वयस्कर कारागिराला मी विचारलं होतं. “ताई, ठसा जपून कोण ठेवणार? वरचा ठसा घाव खातो, तो लवकर उतरतो. तो घासायचा आणि परत कोरायचा. खालचा तेवढा टिकतो.” त्याच्या या एका वाक्यानं माझा एक गुंता सुटला. माझ्याकडच्या फोटोंत संताची बाजू एकच आणि मागच्या ख्रिस्ताच्या बाजू वेगवेगळ्या, अशा पुतळ्या होत्या. मी त्यांना दोन गावच्या समजत होते. प्रत्यक्षात खालचा ठसा एकच आणि वरचे आळीपाळीनं बदललेले. मग त्या वरच्या ठशांपैकी एखादा तिसऱ्याच संताबरोबर सापडतो, तो संत चौथ्या ख्रिस्ताबरोबर, आणि अशी एकाला एक कडी जोडत निरनिराळ्या कपाटांतल्या पुतळ्या एका दुकानात जाऊन पोचतात. दुकानाचं नाव कधीच कळणार नाही, पण त्याची ऐरण कळते. घासून परत कोरलेल्या ठशात जुनी रेघ पुसटशी मागे उरते, तीही आता मी शोधायला लागले आहे.

जे वितळलं ते मात्र गेलं. मोडीत पुतळी तोलताना तडा कुणी बघत नाही, बघण्याचं कारणही नाही. दर ग्रॅमचा असतो. लग्नं, आजारपणं, शिक्षणं, घराचे हप्ते. माझ्या मोठ्या मामीनं तिच्या पुतळ्या मोडून मुलाची फी भरली आणि तो मुलगा आज सुखात आहे. तिच्यापुढे मी ठशाचं गाऱ्हाणं काय गाणार? फक्त मोडायला नेण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, एवढंच नात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

सांगलीच्या मावसबहिणीकडे तिच्या आईच्या वाट्याची माळ अजून शाबूत आहे. तडा डोजच्या टोपीच्या पुढे काठापर्यंत गेलेली एखादी पुतळी असलीच तर तिथेच असणार, कारण बाकी सगळ्या वाटण्या मी पाहून झाल्या. तिला फोनवर नीट समजावलं, की लॅम्प आडवा लाव, भिंग नसलं तर मोबाईल जवळ ने, दोन्ही बाजू घे, माळ उलगडून एकेक पुतळी वेगळी ठेव. तिनं “हो हो, कळलं” म्हटलं आणि तासाभरात फोटो पाठवला. इरकलीवर माळ घालून, जरा तिरकी मान करून, हसत उभी आहे. पुतळ्यांचे नुसते पिवळे ठिपके दिसतात. खाली लिहिलंय, बघ कशा चमकतायत. मी साडी कुठली म्हणून विचारलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतलं.